ताकातला लाल

सारूक, तीर महिना, ९

तूबा,

तुझा पत्ता मी इस्माईलकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस. तो बिचारा दोन दिवस 'नाही, नाही' म्हणत होता आणि मी दोन दिवस त्याच्या दुकानातून हललो नाही. शेवटी कंटाळून दिला. फोन नंबरही देत होता, तो मीच घेतला नाही. फोनवर माणूस गप्प झाला की समोरच्याला ते ऐकू जातं. कागदावर तेवढी लपायला जागा असते.

आईच्या चाळिसाव्याला तू आली होतीस. कबरीवर गुलाबपाणी शिंपडलंस, माझ्या बायकोला मिठी मारलीस, लेकीच्या, आतेफेच्या, डोक्यावरून हात फिरवलास आणि माझ्या शेजारून जाऊन गाडीत बसलीस. तुझ्या हातात काठी होती. मला ती दिसली होती.

इकडे सगळं ठीक आहे. सोहैला गुडघ्यांना शिव्या देत घरभर फिरते. मी अजून रंगाच्या भांड्यांपाशीच. साठी आली, तरी शेजारीण रोज विचारते, "उस्ताद कुदरत, आज कुणाचा खून करून आलात?" हात कोपरापर्यंत लाल असतात, तेही तसेच आहेत. तुझ्या जागेवर, खिडकीजवळ, आता आतेफे विणायला बसते. चोवीस वर्षांची झाली. हात तुझ्यासारखाच चालतो, किंबहुना जरा जास्तच.

तिला तुझाच आजार निघाला हे इस्माईलने सांगितलं असेल. दीड वर्ष झालं. तेव्हा पाय कमरेपर्यंत बधिर झाले होते, ते सुधारले. इस्फहानच्या डॉक्टरीणबाईंचं औषध चालू आहे, सुया स्वतःच टोचून घेते. माझ्या भांड्यांच्या वाफेत फार वेळ उभी राहिली की पायांत मुंग्या येतात. मग मानेवर ओला पंचा टाकून तिला पंख्याखाली बसवतो. तासाभरात उतरतं. उष्णतेने जुनीच दुखणी डोकं वर काढतात, त्याला भ्यायचं नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. घरात आता हे सगळ्यांना पाठ झालंय. आतेफे नुसती कण्हली तरी सोहैला स्वयंपाकघरातून ओरडते, "गार हो, जाईल!"

यंदा मंजिष्ठ चांगली आलेली नाही. मुळं बारीक, धूळच जास्त. ताकातला लाल हवा तसा चढत नाहीये, दुसऱ्यांदा रंगवतोय. हे आपलं सहज लिहिलं.

तू या आजारात बारा वर्षं काढलीस. म्हणून एक विचारायचं होतं. दुखणं नुसतं उन्हाने डोकं वर काढतंय की खरोखरच नव्याने उसळलंय, हे तुला कसं ओळखू येतं? घाई नाही. सवडीने लिही.

कुदरत

---

सारूक, १३ तीर

तूबा,

उत्तराची वाट न बघता पुन्हा लिहितोय. गेल्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मीच ठेवली. रंग फिका आलाय असं मला वाटत नाही. आतेफेला वाटतं.

सहा तारखेला ती मागावरून उठून अंगणात आली. हातात लोकरीची नवी लड. "बाबा, हा लाल कसा झालाय? धुतल्यासारखा."

मी म्हटलं, "धुतलाच आहे. रंगवल्यावर धुतात."

"तसं नाही. मेलाय हा."

मी लड घेतली, उन्हात धरली. चांगला होता गं. आंबट ताकातून निघाल्यावर जो गुलाबी झाक असलेला लाल येतो ना, आपल्या बापाच्या हातचा, तसाच होता. सोहैलाला दाखवला. ती म्हणाली, "मला तर डाळिंबासारखा दिसतोय. तुम्ही दोघं बापलेक एकदा काय ते ठरवा, मला भात उतरवायचाय."

आणि मी काय केलं? भांडं पुन्हा चढवलं. मंजिष्ठ वाढवली. लोकर पाच दिवस ताकात राहायला हवी, मी दोनच दिवसांत काढली, इतकी घाई. आतेफेने बघितलं, मान तिरकी केली आणि म्हणाली, "अजून फिकाच." मग मला वाटलं तुरटी जुनी असेल. काल अराकला जाऊन नवी तुरटी आणली. आता तिसऱ्यांदा रंगवतोय. तिच्या मागावरची ओळ तेवढ्यासाठी थांबली आहे.

तीही हेच म्हणते की हे उन्हामुळे असेल. पंख्याखाली बसते, डोळ्यांवर ओला पंचा ठेवते. तासाने उठते आणि लडीकडे बघते. मग माझ्याकडे न बघता पुन्हा पंचा ठेवते.

तूही एकदा माझ्या लालला असंच मेलेला म्हणाली होतीस. हाजी मोअत्तर गालिचा बघायला आले होते, पाहुण्यांच्या खोलीत चहा चालला होता आणि तू मागावरून सगळ्यांसमोर म्हणालीस, "दादाश, या लाल रंगात जीव नाही." हाजींनी पेला खाली ठेवला. त्यानंतर वर्षभर त्यांची लोकर दुसऱ्या रंगाऱ्याकडे गेली. बाजारात लोक मला विचारायचे, "कुदरत, मंजिष्ठेत पाणी घालतोस म्हणे?" माझा किती पाणउतारा झाला हे तुला कधी कळलंच नाही.

बघ, लिहायला काय बसलो आणि कुठे आलो. आजही मी माझंच रडगाणं गातोय. हे पत्र फाडायला हवं, पण मग तिसरं लिहायचं धैर्य होणार नाही.

कुदरत

---

इस्फहान, १८ तीर

तूबा,

तुझ्याच शहरातून लिहितोय. इस्पितळाच्या आवारातल्या बाकावर बसलोय. आतेफे आत आहे, हाताला सलाईन. कालपासून चालू केलं. तीन दिवस देणार, मग बघणार.

पंधरा तारखेला तिसरी लड सुकली. मी ती तिच्या पुढ्यात टाकली आणि म्हटलं, "आता हिला फिकी म्हणालीस तर उद्यापासून मी भाजी विकतो." ती हसली नाही. तिने लड खिडकीच्या कडीला अडकवली. उजव्या डोळ्यावर हात ठेवला, मग डाव्या डोळ्यावर. पुन्हा उजव्या. मग लड काढून माझ्या हातात दिली.

"बाबा, भांडं उतरवा."

"का?"

"रंग बरोबर आहे. माझा डावा डोळा बिघडलाय. फिरवला की आतून दुखतोही. चार दिवस दुखतोय, मला वाटलं उन्हाने."

सोहैला रडायला लागली. आतेफे तिला म्हणाली, "आई, तू गार हो, जाईल." या परिस्थितीत ही पोरगी चेष्टा करते. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुम्हाला अशी शंका आली नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासली, ताप बघितला, दुसरं काही दुखणं नाही ना ते बघितलं. मग तिच्या डोळ्यासमोर लाल टोपणाची बाटली धरली. एका डोळ्याला ते लाल दिसलं, दुसऱ्याला विटक्या विटेसारखं. मग मला विचारलं, "किती दिवस झाले?"

"नऊ. इथे येईपर्यंत दहा."

"एक दिवस आणि एक रात्र टिकलं, ताप नाही, गार होऊनही गेलं नाही, तर त्याच दिवशी फोन करायचा, असं मी लिहून दिलं होतं ना?"

"दिलं होतं."

"मग नऊ दिवस काय करत होता?"

"रंगवत होतो," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी उर्मटपणा करतोय. रागावल्या. बरं वाटलं मला. आणखी रागावायला हव्या होत्या. या औषधाने नजर लवकर परत येते, म्हणाल्या, शेवटी किती येईल ते आज सांगता येणार नाही. आतेफे म्हणते तोंडाला तांब्याची चव आली आहे, माझं भांडं चाटल्यासारखं वाटतंय.

काल दुपारी भाकरी आणायला बाहेर पडलो आणि तुझ्या गल्लीत गेलो. पत्ता खिशातच होता. निळं दार, खिडकीत जिरेनियमचा डबा. तू आत कुणाशी तरी फोनवर बोलत होतीस. शब्द कळले नाहीत, पण हसलेलं ऐकू आलं. तुझं हसू अजून तसंच आहे, आधी थोडं थांबून मग येणारं. दारावर थाप मारायला हात उचलला होता. हात लालच होता. मी भाकरी घेऊन परत आलो.

कुदरत

---

सारूक, १० मोर्दाद

तूबा,

डोळा थोडा सुधारलाय. मोठी अक्षरं वाचता येतात, रंग अजून नीट येत नाहीत. ती मागावर बसते, पण लाल ओळ आली की सोहैलाला हाक मारते. "आई, ही लालच आहे ना?" ते ऐकलं की मी अंगणातून बाहेर निघून जातो.

आता जे लिहायला हवं ते लिहितो. पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं.

तू गाव सोडून गेल्यावर वर्षाने तुझं पत्र आलं होतं. मी त्याचा उल्लेखही कधी केला नाही. सगळ्यांना वाटतं तू कधी लिहिलंच नाहीस, आईलाही शेवटपर्यंत तसंच वाटलं. पत्र मला मिळालं होतं. मी ते वाचलं होतं. अजून आहे, तुरटीच्या डब्यात. त्यात तू लिहिलं होतंस: दादाश, आता कळलं, रंग तुझा फिका नव्हता, माझा उजवा डोळा फिका होता, मज्जातंतूंचा आजार निघालाय, सगळ्यांसमोर बोलले त्याची माफी कर.

तू माझी माफी मागितली होतीस, तूबा. आणि मी ते पत्र तुरटीखाली ठेवून दिलं.

कारण त्याआधी मी काय केलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तुलाही. हाजी चहा टाकून उठले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या पेढीवर गेलो. माझी बाजू सावरायला. म्हणालो, "हाजी, रंगात काही खोट नाही. पोरगीच ताळ्यावर नाही. एक डोळा मिटून विणते, चालताना भिंत धरते, हातातून फणी पडते. आमच्या चुलत्याची सवय तिला लागली आहे." चुलता अफू खायचा हे सारूकमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. आणि हाजी म्हणजे तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचे, फरामर्जचे, सख्खे मामा, हे मला कुणी सांगायला नको होतं. आठ दिवसांत त्यांनी अंगठी परत पाठवली. तू मला काही विचारलं नाहीस. तुझा चेहरा बघून मला कळलं की तुला कळलंय.

तू गेलीस त्या दिवशी लाल रंगाची एक लड कमी भरली. मी तेही गावभर सांगितलं, जाताना चोरून नेली म्हणून. आता आठवतं तेव्हा मान वर होत नाही.

तर मला माहीत होतं. आतेफे लड घेऊन अंगणात आली, 'मेलाय हा' म्हणाली, त्याच क्षणी माहीत होतं. तुझं पत्र शब्दन् शब्द आठवलं. तरी मी भांडं चढवलं. तुझ्या वेळी मला चूक तुझी हवी होती, भांड्याची नको होती. या वेळी माझ्या पोरीचा डोळा चांगला असावा म्हणून मला चूक भांड्याचीच हवी होती. नऊ दिवस मी चूल फुंकत देवाची करुणा भाकत होतो की बाबा, मला वाईट रंगारी ठरव.

आणि तिने विचारलं तेव्हा 'नाही' म्हणालो.

गेल्या आठवड्यात तिला तुझं पत्र वाचायला दिलं. चांगल्या डोळ्याने वाचलं, दोनदा. अफूचंही सांगितलं, ते पत्रात नव्हतं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा आणून ठेवला, साखरेशिवाय, आणि म्हणाली, "बाबा, मला माझ्या आजाराची भीती वाटत नाही. मला नवीन काही झालं, हे तुम्हाला सांगायची भीती वाटेल आता." इस्माईलकडून तुझा नंबर तिनेच मिळवला आहे. फोन करेल. तिच्यावर माझा राग काढू नकोस.

फरामर्जकडेही जाऊन आलो. शाळेत शिकवतो, दोन मुली आहेत. दारातच सांगितलं, बायको ऐकत होती तरी. सगळं ऐकून तो म्हणाला, "उस्ताद, आता सांगून काय उपयोग?"

मी म्हटलं, "काही नाही."

मग बराच वेळ तो दाराच्या चौकटीचा रंग खरवडत राहिला. म्हणाला, "तुम्ही खोटं बोललात. पण मी तिला एकदा तरी विचारायला हवं होतं." आत बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी मी गेलो नसतो.

हाजी वारले, नाहीतर त्यांच्याकडेही गेलो असतो. मग बाजारात, त्यांच्या पेढीवर आता त्यांचा मुलगा बसतो, तिथे चार माणसं चहा पीत होती, त्यांच्यासमोर सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "कोण तूबा?" बारा वर्षांत लोक तुझं नाव विसरले आणि मी लावलेला डाग तेवढा तुझ्याजवळ राहिला.

माफी मागत नाही. ती तू एकदा मागितलीस आणि मी तिचं काय केलं ते वर लिहिलंच आहे.

कुदरत

---

सारूक, ८ शहरीवर

तूबा,

पार्सल पोचलं. त्यावर आतेफेचं नाव होतं, म्हणून मी हात लावला नाही. ती संध्याकाळी मागावरून उठेपर्यंत ते कोनाड्यात होतं आणि मी अंगणातून दहा वेळा आत येऊन पाणी प्यालो.

तिने पिशवी उघडली आणि लड बाहेर काढली. मी लांबून ओळखली. लड बांधायला काळ्या बकरीच्या केसाचा दोरा आणि त्याला दोन गाठी, सारूकमध्ये असं मीच बांधतो, बापाने शिकवलेलं. मधे हाताच्या तेलाने किंचित काळपट झाली आहे, रोज हाताळल्यासारखी. रंग तसूभरही उतरलेला नाही.

चिठ्ठी आतेफेने मोठ्याने वाचली. तुला माहीत असेल तू काय लिहिलंस, तरी मी इथे लिहितो, कारण मला ती पाठ झाली आहे.

"आतेफेजान, ही लड आरशाशेजारी टांग. उन्हात नको. रोज सकाळी तोंड धुतलंस की एक डोळा झाकून बघ, मग दुसरा झाकून बघ. लाल दोन्हीकडे सारखा दिसला की कामाला लाग. एकीकडे कालच्यापेक्षा फिका दिसला तर पाणी पी, सावलीत बस, गार हो. दुसऱ्या सकाळीही फिकाच असेल तर ऊन नाही, आजार आहे. लगेच डॉक्टरांना फोन कर. बापाला नंतर सांग. त्याला आधी सांगितलंस तर तो पुन्हा भांडं चढवेल."

सोहैला इतकी हसली की तिला उठता येईना. आतेफेही हसली. मग मीही. हसता हसता माझं काय झालं ते लिहीत नाही.

माझ्यासाठी चिठ्ठीत एक शब्दही नव्हता. मी उलटून बघितली. ते बरोबरच आहे.

पण नंतर आतेफे म्हणाली, "फोनवर मी आत्याला विचारलं होतं, हीच लड का? बाजारात लाल काय कमी आहे? मग आत्या म्हणाली, बाजारातला लाल फिका दिसला तर चूक रंगाची की डोळ्याची ते कळत नाही. दादाशच्या लालमध्ये चूक असूच शकत नाही. म्हणून तो फिका दिसला की मी इस्पितळाची बॅग भरते."

तूबा, जी लड तू चोरलीस असं मी गावाला सांगितलं, ती घेऊन तू रोज सकाळी आरशासमोर उभी राहत होतीस. तीनदा तुझा आजार उसळला, तिन्ही वेळा आधी त्या लडीने सांगितलं, असं आतेफे म्हणते. मी तुझ्या डोळ्यांत अफू आहे म्हणालो होतो. तू स्वतःच्या डोळ्यावर संशय घेतलास, पण माझ्या रंगावर बारा वर्षांत एकदाही नाही. मला आता लाज वाटते हे लिहायलाही लाज वाटते.

लड आरशाशेजारी टांगली आहे. रोज सकाळी आतेफे तिथे उभी राहते. मी विचारत नाही. आज तिने आपणहून सांगितलं, "डावीकडे अजून जरा कमी आहे बाबा, पण कालच्याइतकाच. भांड्याला हात लावू नका."

लावला होता, पण वेगळ्या कामासाठी. तुझी लड तू तिला दिलीस, म्हणजे तुझ्या आरशाशेजारचा खिळा आता रिकामा असेल. म्हणून सोबत नवी पाठवतोय. पाच दिवस ताकात ठेवली, दोन दिवस वाहत्या पाण्यात धुतली, कसलीही घाई केली नाही. रंग ठीक आहे की नाही हे मी ठरवलेलं नाही. ते मी आतेफेला विचारलं. तिने डावा डोळा झाकला, उजव्याने बघितलं आणि म्हणाली, "द्या पाठवून."

कुदरत